एकसष्ट गुणांची दुरुस्ती

माणूस दुसऱ्याचं काम तपासू लागला, त्या दिवशी संस्कृतीचा जन्म झाला.

वाक्य भारदस्त आहे आणि माझं नाही. आमच्या प्रकल्पाच्या ‘योगदान, तपासणी व विलीनीकरण नियमावली’च्या पहिल्या पानावर ते जाड अक्षरांत छापलेलं आहे. ज्या गृहस्थांनी ते लिहिलं त्यांनी तोवर कुणाचंही काम तपासलेलं नव्हतं. नियमावलीचं प्रकाशन लातुरात, एका शिकवणीवर्गाच्या गार सभागृहात झालं. समई पेटवली, शाली पांघरल्या, चंदेरी कागदात गुंडाळलेली पुस्तिका फीत सोडून वर धरली आणि छायाचित्रकारासाठी पुन्हा गुंडाळून पुन्हा सोडली. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये कुणी दुरुस्ती सुचवली तर ती कशी वाचायची आणि कधी स्वीकारायची, एवढाच पुस्तिकेचा विषय. एवढ्यासाठी नारळ फुटलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दरवर्षी नवी तूर बाजारात आली की मला तो हंगाम आठवतो. लातूरच्या हवेत डाळमिलचा वास भरतो. कोरडा, किंचित गोडसर, घशात बसणारा. फोलपटांची पिवळसर पूड दुचाकींच्या सीटवर, दुकानांच्या पाट्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पसरते. नेमके तेच दिवस परीक्षेचे. वसतिगृहांच्या गच्च्यांवर मुलं फेऱ्या मारत पुटपुटत असतात, डब्यांच्या पिशव्या लटकवलेले ऑटो गल्लीबोळांतून धावतात आणि चौकाचौकांत गेल्या वर्षीच्या यशस्वी मुलांचे फोटो उन्हानं निळे पडत जातात. लोकांना या दिवसांत सर्दी होते. मला संताप येतो. डॉक्टर म्हणतात, दोन्हीवर वाफ घ्या.

प्रकल्पाचं नाव ‘सराव’. मी नांदेडला तंत्रनिकेतनात शिकवायचो, तेव्हा विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या आम्ही जुन्या वर्गमित्रांनी मिळून तो सुरू केला. ज्यांना लातूरची शिकवणी परवडत नाही त्यांना मोबाइलवर, इंटरनेटशिवाय, फुकट सराव परीक्षा देता यावी, एवढाच हेतू. प्रोग्रॅम खुला होता. म्हणजे त्याची आतली लिखावट कुणीही वाचावी, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी, आमच्यापैकी कुणीतरी ती तपासावी आणि बरी वाटली तर मूळ प्रोग्रॅममध्ये मिसळून घ्यावी. या मिसळण्याला जगभर ‘मर्ज’ म्हणतात. आम्हीही मर्जच म्हणायचो. ‘विलीनीकरण’ नंतर आलं, शालींबरोबर.

सुरुवातीची तपासणी फार साधी होती. कुणाची दुरुस्ती आली की मी ती वाचायचो, माझ्या मोबाइलवर चालवून बघायचो आणि उलट लिहायचो, “वेळ संपल्यावरही उत्तर बदलता येतंय. बघ जरा.” तो चरफडायचा, दुरुस्त करायचा. भांडणंही व्हायची. विष्णुपुरीच्या धरणाच्या बाजूच्या टपरीवर दोन प्राध्यापक उणे गुणांच्या हिशेबावरून इतके तावातावानं भांडत होते की टपरीवाल्यानं विचारलं, “जमिनीची वाटणी हाय का सर?” पण भांडण प्रोग्रॅमचं असायचं. दुरुस्ती पाठवणाऱ्याची लायकी काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यासाठी समिती लागते.

समिती लातूरनं दिली. तिथल्या एका मोठ्या शिकवणीवर्गाच्या मालकांना आमच्या कामाबद्दल कळलं. त्यांनी बसायला जागा दिली, चहापाणी दिलं आणि आम्हाला एक अध्यक्ष हवा होता असं आम्हाला पटवून ते स्वतः अध्यक्ष झाले. माणूस दुष्ट नव्हता, हे आधी सांगितलेलं बरं. दुष्ट माणसाशी भांडता येतं. हे शिस्तीचे भक्त होते. पहिल्याच बैठकीत म्हणाले, “लातूरनं महाराष्ट्राला अभ्यासाची शिस्त दिली. आता आपण सॉफ्टवेअरला देऊ.” सॉफ्टवेअरनं मागितली होती की नाही, याची चौकशी झाली नाही.

मग जे झालं ते फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. प्रोग्रॅममधल्या दुरुस्त्यांना गुण द्यायचं ठरलं. उत्तरपत्रिकेला देतात तसे, शंभरपैकी. शीर्षकाला दहा, मांडणीला वीस, इंग्रजी टिपांना पंधरा, आटोपशीरपणाला वीस, असं करत करत शेवटी ‘चालते का?’ या रकान्याला दहा. दोन परीक्षक. उत्तीर्ण होण्यासाठी पंचाहत्तर. मी हात वर करून म्हणालो की या हिशेबानं मुळीच न चालणारी दुरुस्ती नव्वद गुण मिळवून विशेष प्रावीण्यात येईल. अध्यक्षांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. “सर, आपण अपवादांवर धोरण ठरवत नसतो.” टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या वर्गमित्रानंही वाजवल्या. नंतर म्हणाला, “हॉल चांगलाय रे त्यांचा.”

महिन्याभरात त्याच शिकवणीवर्गाच्या फलकावर मर्जची बॅच लागली. बायोडेटात खुल्या प्रकल्पातलं योगदान दिसलं की नोकरी लवकर लागते, हे मुलांच्या कानावर आलं होतं. मग मर्ज कसं मिळवायचं याचे तास सुरू झाले, आदर्श उत्तरांसह. एका मुलानं प्रोग्रॅममधली एक रिकामी ओळ काढून टाकली. शीर्षक नमुनेदार, टिपा इंग्रजीत, दुरुस्ती आटोपशीर, कारण ओळ रिकामीच होती. त्याला ब्याण्णव मिळाले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं तीच ओळ परत घातली. त्याला चौऱ्याण्णव. ‘चालते का?’मध्ये दोघांनाही पैकीच्या पैकी, कारण रिकाम्या ओळीनं कधी काही बंद पडत नाही. मुलांवर माझा राग नाही. त्यांना लहानपणापासून हेच शिकवलेलं आहे, की गुण जिथं असतात तिथं काम असतं.

याच दिवसांत सुनंदाची दुरुस्ती आली.

सुनंदा मुदखेडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्या धाकट्या बहिणीला, ज्योतीला, जवळजवळ दिसत नाही. ज्योती बँकेच्या परीक्षेची तयारी करत होती. तिचा मोबाइल पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा. बातम्या वाचायचा, निरोप वाचायचा, शेजारणीनं चुकून पाठवलेलं भांडणही वाचायचा. आमचा ‘सराव’ मात्र त्याला वाचता येत नव्हता, कारण आम्ही सगळे प्रश्न चित्रं करून टाकले होते. तसं केलं की गणिताची चिन्हं सुबक दिसतात. ज्योतीनं परीक्षा सुरू केली की मोबाइल म्हणायचा, “चित्र. बटण. चित्र. बटण.” आदल्या हंगामात मी मुदखेडला त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा तिनं मला ते ऐकवलं. बाहेर मालगाडी उभी होती, ओसरीवर तूर वाळत होती आणि ही पोरगी खिदळत होती. “सर, माझा पेपर लई सोप्पाय. सगळ्याचं उत्तर बटण.”

सुनंदानं तीन महिने खपून प्रत्येक प्रश्न मजकुरात आणला. मोबाइल तो मराठीत वाचेल अशी सोय केली, उरलेली वेळ मधूनमधून सांगायची सोय केली. मी ती दुरुस्ती डोळे मिटून वापरून पाहिली. पहिला प्रश्न कानावर आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला आणि दुसरा चुकला. मी परीक्षकाच्या जागी लिहिलं, “चालते. मी वापरून पाहिली. ताबडतोब घ्या.” माझा अभिप्राय अवैध ठरला. त्यात गुण नव्हते.

समितीनं दुसरे दोन परीक्षक नेमले. त्यांनी एकसष्ट दिले. टिपा मराठीत होत्या, त्यासाठी शून्य. दुरुस्ती लांब होती, त्याचे कापले. शीर्षक होतं ‘ज्योतीला ऐकू यावं म्हणून’, ते नमुन्यात बसत नव्हतं. ‘चालते का?’मध्ये मात्र दहापैकी दहा. म्हणजे चालते हे दोघांनीही मान्य केलं होतं.

सुनंदाचा फोन आला. “सर, एकसष्ट म्हणजे फर्स्ट क्लास की! मग नापास कसं करून राहिले?”

“लांब आहे म्हणतात. तुकडे करून पाठव.”

तिनं तुकडे केले. आता एकेक तुकडा एकटा चालेना, कारण हात वेगळा पाठवला आणि कोपर वेगळं पाठवलं तर घास कुणी उचलायचा? ‘चालते का?’मध्ये सगळ्या तुकड्यांना शून्य पडलं. पुन्हा फोन. या वेळी ज्योती होती.

“सर, ताई रडून राहिली. मी हसून राहिले. तुम्ही कुणाकडून?”

मी म्हणालो, मी चिडून राहिलोय.

“मंग काय, तिघांच्या तीन तऱ्हा.”

तपासणी या शब्दाशी माझी पहिली ओळख लातूरच्या भूकंपाच्या साली झाली. मी तेव्हा विष्णुपुरीला शिकत होतो. ज्या गावांत घरं पूर्ण पडली तिथं आम्हाला नेलं नाही. जिथं ती तडकून उभी होती अशा गावांत आम्हा मुलांच्या तुकड्या नेल्या, घर राहण्याजोगं आहे की नाही ते बघायला. दगडमातीच्या रुंद भिंती, वर धाब्याचं, म्हणजे मातीचं जड छप्पर. पावसानं ओलावलेल्या मातीला त्या आठवड्यात एक वास होता, तो मी कधी कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. माणसं घरासमोर, पत्र्याच्या किंवा साडीच्या आडोशाला बसलेली. आत जायची भीती आणि बाहेर राहायची लाज.

आमच्याबरोबर कुठल्याशा खात्याचे एक साहेब होते. ते जीपमधून उतरत नसत. चिखल होता हेही खरं. आम्ही भिंत बघून, हातानं चाचपून, मोजून कागद नेऊन द्यायचो आणि ते जीपमध्ये बसून कागद तपासायचे. एक कागद त्यांनी परत केला, कारण आम्ही तडा फुटांत मोजला होता. मीटरमध्ये आणा म्हणाले. आम्ही परत त्या घरी गेलो आणि टेप लावायला लागलो. घरची बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. ती म्हणाली, “बाबा, तुमचं मीटर-फीटर राहू द्या. लेकरं आत निजवू का न्हाई, तेवढं सांगा.”

आमचे प्राध्यापक भिंतीला कान लावल्यासारखे उभे होते. ते म्हणाले, “आत्ता नको मावशी. ही मागची भिंत उतरवा, मग निजवा.”

ती उठली आणि शेजाऱ्यांना हाका मारायला गेली. तिचं काम झालं होतं. आमचा कागद पुढेही दोनदा परत आला.

तपासणीबद्दल मला एवढंच कळतं. कुणीतरी बाहेर बसलेलं असतं आणि आत जाऊ का, विचारत असतं. त्याला हो किंवा नाही सांगायचं. नाही म्हटलं तर कुठली भिंत उतरवायची, तेही सांगायचं. आणि हे जीपमधून उतरून सांगायचं. माझ्या हातात असतं तर नियमावली एवढ्यावर संपली असती. पण त्याचं प्रकाशन कसं करणार? एका कागदाला फीत कुठं बांधणार?

नियम नकोत असं मी म्हणत नाही. उलट, रोज शंभर माणसं ज्यात हात घालतात त्या कामाला नियम हवेतच. कोणाचीही दुरुस्ती न वाचता घेऊ नये, स्वतःची स्वतः मंजूर करू नये, काय बदललं आणि का बदललं ते मागाहून येणाऱ्याला कळेल असं लिहावं. यातलं प्रत्येक कलम कुणाच्या तरी मनस्तापातून आलेलं असतं. पण नियम दुरुस्ती चांगली व्हावी म्हणून असतो. आमच्या नियमावलीनं दुरुस्ती होऊ नये याची तजवीज केली आणि त्याला दर्जा म्हटलं. दर्जा हा शब्द मला तेव्हापासून ऐकवत नाही. अंतर्वक्र भिंगातून पाहिल्यासारखी माणसं त्यात लहान लहान होत जातात.

शेवटी मी सुनंदाला आणि ज्योतीला लातूरला, समितीच्या बैठकीला बोलावलं. मुदखेडहून नांदेड, नांदेडहून लातूर, दोन एसट्या बदलून त्या आल्या. ज्योतीनं नवा पंजाबी ड्रेस घातला होता आणि त्यावर तुरीची पूड बसली होती. तिला ती दिसत नव्हती, पण शिंका येत होत्या. अध्यक्ष उठून उभे राहिले. तिच्यासाठी पाणी मागवलं, खुर्ची स्वतः सरकवली. हेही लिहायला हवं.

ज्योतीनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि मूळ प्रोग्रॅम सुरू केला. गार सभागृहात आवाज घुमला, “चित्र. बटण. चित्र. बटण.” कुणीतरी हसलं. मग तिनं सुनंदाची दुरुस्ती असलेला प्रोग्रॅम लावला. मोबाइलनं व्याजाचं गणित वाचलं, चार पर्याय वाचले, ज्योतीनं बोट टेकवलं, उत्तर बरोबर आलं. अध्यक्षांचे डोळे भरून आले. खरंच आले, मी समोर होतो. ते म्हणाले, “फार प्रेरणादायी! आपण हिचा एक फोटो पुढच्या पुस्तिकेत घेऊ.”

“आणि दुरुस्ती?” मी विचारलं.

“सर, मन म्हणतं घ्या. पण उद्या कुणी म्हणेल, भावनेच्या भरात घेतली. नियम सगळ्यांना सारखे हवेत.”

“नियम सारखेच हायत सर,” ज्योती म्हणाली. “पेपर तेवढा सारखा न्हाई.”

मग एका सदस्यानं पुनर्मूल्यांकन समिती नेमण्याची सूचना केली. ती एकमतानं मंजूर झाली. एकमत म्हणजे मी सोडून. माझं मत ‘गुण न देणारे परीक्षक’ या सदरात जमा होतं. समितीची बैठक परीक्षांचा हंगाम संपल्यावर ठेवायचं ठरलं, कारण हंगामात सगळे फार व्यग्र असतात.

ज्योतीची परीक्षा त्याच हंगामात होती. हे मी सांगितलं. त्याची नोंद घेण्यात आली.

बाहेर रसवंतीवर बसलो. घुंगरू वाजत होते, उसाच्या चोयट्यांवर माश्या होत्या. सुनंदा ग्लास हातात धरून नुसती बसली होती. मी म्हणालो, प्रोग्रॅम खुला आहे. त्याची वेगळी प्रत काढून तू ती तुझ्या नावानं लोकांना देऊ शकतेस. कायद्यानं, हक्कानं. कुणाची परवानगी लागत नाही.

“मंग एवढे दिवस आपण यांच्या दारात कशाला बसलो?” ज्योती म्हणाली.

सुनंदानंच उत्तर दिलं. “आपली वेगळी प्रत काढली तर तुझं भागेल गं. पण बाकीच्यांच्या मोबाइलमध्ये जुनंच राहील. देगलूरला, निलंग्याला कुणी तुझ्यासारखी असेल, तिला कोण सांगणार दुसरी प्रत हाय म्हणून? मुळात मिसळलं की सगळ्यांना आपोआप मिळतं.”

मर्ज म्हणजे काय, हे मी वर्गात अनेक वर्षं शिकवलं. याहून नीट मला सांगता आलं नव्हतं. नियमावलीत तर या अर्थाचा उल्लेखच नाही.

ज्योतीनं दोघींचे रस संपवले आणि म्हणाली, “काढ ताई प्रत. तिला नाव ‘बटण’ दे.”

‘बटण’ निघालं. अध्यक्षांनी त्याला फुटीरपणा म्हटलं आणि एक निवेदन काढलं. ज्योतीला परीक्षेआधी त्यावर जेमतेम आठवडाभर सराव करता आला. ती थोडक्यात हुकली. आमच्या समितीमुळे हुकली, हे सिद्ध करता येत नाही. समित्या याच भरवशावर चालतात. पुढच्या वर्षी ज्योती पुन्हा बसली, पास झाली, आणि आता उदगीरला एका बँकेच्या शाखेत असते. तिथं कुणी अर्ज अपुरा म्हणून परत पाठवायला निघालं तर, सुनंदा सांगते, ती आधी विचारते, “काय कमी हाय ते त्याला सांगितलं का?”

पुनर्मूल्यांकन समितीची बैठक अजून झालेली नाही. मर्जची बॅच बंद पडली, कारण मुलांना नवीन काहीतरी सापडलं. माझे वर्गमित्र एकेक करून ‘बटण’कडे आले. देगलूर, निलंगा, मुखेड, कुठून कुठून मुलं ते वापरतात, आणि त्यातल्या बहुतेकांना चांगलं दिसतं. ऐकत ऐकत अभ्यास करणं त्यांना बरं पडतं, असं ती म्हणतात.

या वर्षीही तूर आली. परवा लातूरला गेलो होतो. शिंकत चौकात उभा राहिलो आणि रागाच्या भरात मोबाइलवर जुना ‘सराव’ प्रकल्प उघडून बघितला. तो अजून तिथं आहे. त्यात शेवटची दुरुस्ती नियमावलीच्या अनुक्रमणिकेतल्या पान क्रमांकाची आहे. तिला सत्त्याण्णव गुण आहेत.